पाणी कमी नव्हतं

रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या दिसू लागल्या, की मला उन्हाळा लागल्याचं कळतं. कडुलिंब मोहरतो, उसाचे फड मोकळे होतात, लग्नाच्या मांडवांची फडकी वाऱ्यावर फडफडायला लागतात, ते सगळं असतंच. पण माझी नजर जाते ती उघड्या बॉनेटांवर. सोलापूर रस्त्यावर दुपारी एखादी छोटी गाडी तशी उभी असते. मालक पाण्याची बाटली घेऊन चार पावलं लांब. बाया-पोरं बाभळीच्या विरळ सावलीत. रेडिएटरमधून वाफ निघत असते आणि त्या वाफेला गंज उकळल्यासारखा एक गोडसर वास असतो. दौंडला कुरकुंभ मोरीच्या, म्हणजे रेल्वेखालच्या बोगद्याच्या, अलीकडं मी तीस वर्षं गॅरेज चालवतो. चैत्र ते ज्येष्ठ तो वास माझ्या कपड्यांतून जात नाही.

यंदा एक नवीकोरी गाडी आली. तीन सिलिंडरची. मधल्या काळात सगळ्यांना चार सिलिंडर हवे होते, आता कंपन्या पुन्हा तीनवर आल्या आहेत. मालक सणसवाडीच्या एका कारखान्यात नोकरीला असलेला तरणा माणूस. म्हणाला, "मामा, उभी असली की थरथरते. काही बिघाड हाय का?" मी बॉनेटवर तळवा ठेवला. थरथर मनगटापर्यंत आली. "तीनच आहेत ना," मी म्हणालो, "थरथरणारच. बिघाड नाही." तो समाधानानं निघून गेला. मी मात्र हात पुसत बराच वेळ तिथंच उभा होतो.

चार सिलिंडरच्या इंजिनात दोन वर, दोन खाली, असा आपसात तोल असतो. तीनचं तसं नसतं. तिघांनाही सतत झटावं लागतं. एक गेला तर उरलेले दोघं गाडी कशीबशी ओढतात. दोन गेले तर गाडी जागची हलत नाही. मला हे इंजिन फार आवडायचं. शिरूरला आमच्या अब्बांचं गॅरेज होतं, त्यांचा सगळा जन्म जिपांवर आणि विहिरीवरच्या डिझेल पंपांवर गेला. पहिल्यांदा ते इंजिन पाहिलं तेव्हा अब्बा हसले होते. "ये इंजन है या सिलाई मशीन?" मी पुण्याला वर्षभर राहून ते शिकून आलो. लग्नानंतर दौंडला आलो आणि बघता बघता पाटसपासून न्हावऱ्यापर्यंत लोक म्हणू लागले, छोटी गाडी असेल तर मुनीरकडं न्या. तेव्हा मी तिशीचा होतो. ते नाव मला सदऱ्यासारखं अंगावर बसलं होतं.

वडगाव रासाईचे आप्पा त्याच नावावर माझ्याकडं आले. भीमेच्या काठाला त्यांची ऊस-कांद्याची शेती, मळ्यातच घर. उंच, काटक माणूस, बोलणं मोजकं. पुण्याच्या कुणा साहेबाची जुनी, फिकट निळी छोटी गाडी त्यांनी घेतली होती. नव्वदनंतरची ती पहिली चार-पाच वर्षं. त्यांच्या वस्तीवर तोवर गाडी कुणाकडं नव्हती. घरात तीनच माणसं. आप्पा, काकी आणि एकुलती एक मुलगी मंगल. काकी किडकिडीत बांध्याची होती, तिला दम्याचा जुना त्रास. एसटीच्या धुळीत तिचा जीव घाबरायचा, म्हणूनच आप्पांनी गाडी घेतली होती. मी मळ्यात गेलो की काकी मला ओसरीवर जेवायला वाढायची. तांब्या-फुलपात्र माझ्यासाठी वेगळं नसायचं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण सगळीकडं तसं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मंगलचं लग्न भांडगावच्या मुलाशी ठरलं. पत्रिका वाटत हिंडताना इंजिनातलं पाणी फिरवणारा पट्टा तुटला. आप्पांना ते कळलं नाही, ते तशीच घरापर्यंत चालवत आले आणि इंजिन तापून बंद पडलं. ट्रॅक्टरला बांधून गाडी माझ्या दारात आणली तेव्हा लग्नाला पाच दिवस उरले होते.

मी हेड उतरवलं. हेड म्हणजे इंजिनावरचं झाकण म्हणा. ते अल्युमिनियमचं असतं आणि फार तापलं की वाकतं, डोळ्यांना दिसणार नाही इतकं. ते पेट्रोलनं धुतलं, पुसलं, त्यावर पोलादी पट्टी आडवी धरली आणि पट्टीखाली फिलर घालून पाहिला. फिलर म्हणजे ब्लेडहून पातळ पत्र्यांची जुडी. आम्ही एकेका पत्र्याला पान म्हणतो. पान आत शिरलं नाही तर हेड सपाट आहे. पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या मध्ये पान अडलं. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये अलगद आत गेलं.

असं हेड पुण्याला नाना पेठेत पाठवून मशीनवर सपाट करून आणावं लागतं. मी फोन केला. तिकडून सांगितलं, सीझन आहे, आठ दिवस लागतील. आप्पा शेजारीच उभे होते.

"आप्पा, आठ दिवस म्हणतात."

"आठ दिसांनी गाडी आणून काय करू?" ते म्हणाले. मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "मुनीर, एकच पोरगी हाय. घरच्या गाडीतनं गेली पायजे. तेवढं बघ."

तिथं नाही म्हणता आलं असतं. दुसऱ्याची जीप फुलं लावून उभी करता आली असती, मंगल त्यातूनही सासरी गेली असती. पण छोट्या गाडीला मुनीर नाही म्हणाला, हे मला माझ्याच कानांनी ऐकवेना. मी म्हणालो, "बघतो."

दोन दिवस मी जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून ते हेड हातानं घासलं. दंड भरून आले. घामाचे थेंब काचेवर पडत आणि मी ते पुसून पुन्हा घासायला लागे. तिसऱ्या दिवशी पट्टी ठेवली, पान घातलं. आधी अलगद जात होतं, आता अडखळत गेलं. पण गेलं.

पान आत जात असेल तर हेड इंजिनावर चढवायचं नाही, हे अब्बांनी मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. मी ते पान पुसलं, जुडीत मिटवलं आणि हेड व इंजिनाच्या मधली पातळ चकती, म्हणजे गॅस्केट, नवीन टाकून हेड चढवलं. लग्न होऊन जाऊ दे, मनात म्हणालो, मग गाडी परत बोलावू आणि नीट करून देऊ. हे मनातच म्हणालो. आप्पा गाडी न्यायला आले तेव्हा तोंडातून निघालं ते एवढंच, "घेऊन जा आप्पा. बिनघोर चालवा."

लग्नाला मी गेलो होतो. निळ्या गाडीवर झेंडूच्या माळा होत्या. मंगल आत बसली, आप्पांनी स्वतः गाडी चालू केली, आणि इंजिन असं बोललं की माझी छाती फुगली. काकी रडून लाल झाली होती. तशातही माझ्याजवळ आली. "मुनीर, तुझ्यामुळं पोरगी घरच्या गाडीत बसली बघ." मांडवात मला टॉवेल-टोपी दिली. चार लोकांसमोर मी ती घेतली.

त्यानंतरचे दिवस आठवतात ते फक्त उकाड्यासारखे. रोज तीन-चार उकळलेल्या गाड्या यायच्या. पत्र्याखाली उभं राहवत नसे, लोखंडी स्पॅनर हातात धरवत नसत. वडगावला निरोप धाडायचा आहे हे रोज आठवायचं आणि रोज उद्यावर जायचं. एकदा आप्पा बाजाराला आले तेव्हा गॅरेजसमोर गाडी हळू करून त्यांनी हॉर्न दिला. "झकास चालती," ते खिडकीतून म्हणाले. मी दुसऱ्या गाडीखालून हात हलवला. उठून त्यांना थांबवायला मला फार तर मिनिटभर लागलं असतं.

पुढचं मला आप्पांनीच नंतर तुकड्यातुकड्यानं सांगितलं. वैशाख संपत आला होता. मंगल चार दिवस माहेरी आली होती. सकाळी शेजारच्या रानात पाचट पेटवलं आणि धूर घरावर आला. काकीला दम लागला, तो बसेना. आप्पांनी तिला गाडीत घातलं, मंगल मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. नदी ओलांडून केडगावला डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, ऑक्सिजन लावावा लागेल, दौंडला न्या. चौफुला मागं पडला. वरवंडच्या अलीकडं गाडी एकदम धापा टाकायला लागली. समोरून पांढरी वाफ उसळली. रेटा संपला आणि गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

भर दुपार. रस्ता वाहत होता. पण लग्नाची मोठी तीथ होती, गाड्या सगळ्या वऱ्हाडानं खचाखच भरलेल्या. आप्पा रस्त्याच्या मधोमध जाऊन हात जोडत होते. गाड्या त्यांना वळसा घालून जात होत्या. एका टेम्पोतून वाजंत्री वाजत गेली. शेवटी एक ट्रकवाला थांबला. सोलापूरकडचा होता. त्यानं केबिन रिकामी करून दिली. पण तोवर अर्धा-पाऊण तास गेला होता आणि मंगलच्या मांडीवर काकीचा श्वास थांबला होता.

त्याच ट्रकवाल्यानं परतीच्या फेरीत निळी गाडी ओढून माझ्या दारात आणून सोडली. बातमी त्यानंच सांगितली. मी दोन दिवस गाडीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी हेड उतरवलं. गॅस्केट दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधोमध जळालं होतं. जिथं पान आत गेलं होतं तिथंच. बोटाएवढी काळी रेघ. त्या रेघेतून दोन सिलिंडर एकमेकांत फुंकत होते आणि पहिला एकटा ओढत होता. इंजिनातली गरम हवा पाण्यात शिरली होती आणि सगळं पाणी झाकणातून बाहेर फेकलं गेलं होतं. रेडिएटर कोरडा ठणठणीत.

तेरावा झाल्यावर आप्पा आले. बरोबर मंगल. तिच्या हातावरची मेंदी नखांपुरती उरली होती. आप्पा माझ्या लाकडी बाकावर बसले, ती दारातच उभी राहिली.

"काय झालं हुतं रं?" आप्पांनी विचारलं.

मी ते जळकं गॅस्केट हातात घेऊन उभा होतो. ते त्यांच्यासमोर धरलं असतं तरी त्यांना काही कळलं नसतं. ते फक्त मला वाचता येत होतं. मी म्हणालो, "पाणी कमी पडलं आप्पा. रेडिएटर कोरडा होता. त्यानं इंजिन तापलं, मग गॅस्केट गेलं."

शब्द एकेक करून खरे होते. क्रम तेवढा मी उलटा सांगितला.

मंगल दारातून म्हणाली, "आप्पा, सकाळी पाणी बघितलं हुतं?"

"गडबडीत न्हाई बघितलं," ते म्हणाले.

"आठवडाभर तरी बघितलं हुतं का?"

"ध्यानात न्हाई, पोरी."

"तुम्ही मारलं तिला," मंगल म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "एक तांब्या पाणी घालायचं हुतं. तेवढ्यासाठी माझी आई मेली." आणि ती रस्त्यावर जाऊन उभी राहिली. आप्पा तळव्यांकडं पाहत बसले. मी चिंधीनं हात पुसत होतो. हात केव्हाचेच कोरडे झाले होते.

मी स्वतःला काय काय सांगितलं त्याची यादी मोठी आहे. दमा जुना होता. दौंडला पोहोचली असती तरी वाचलीच असती असं कोण म्हणेल? तेही खरंच असेल. पण त्या खरेपणानं मला एकही उन्हाळा सुखानं काढू दिला नाही. मंगल भांडगावला गेली ती वडगावला येईनाशी झाली. आईच्या वर्षश्राद्धाला तेवढी यायची, बापाशी न बोलता त्याच दिवशी परतायची. तिला दोन मुलं झाली. आप्पांनी नातवंडं पाहिली ती लोकांच्या लग्नात, दुरून. गाडी मी पुन्हा नीट करून दिली होती, हेड पुण्याहून सपाट करून आणून. आप्पांनी ती कधी चालवली नाही. ती मळ्यात गोठ्याशेजारी उभी राहिली. तरी दर उन्हाळ्यात मी काहीतरी निमित्त काढून तिकडं जायचो. आप्पा माझ्यासाठी चहा ठेवायचे. कुणी आलं असलं तर सांगायचे, "मुनीरनं जीव लावून गाडी केली हुती. चूक माझी झाली." मी कपात बघायचो.

नऊ वर्षं अशी गेली. एका एप्रिलमध्ये न्हावऱ्याला काम होतं म्हणून मी सकाळी लवकर निघालो आणि वाटेत मळ्यात शिरलो. एरवी मी दुपारचा जायचो. आप्पा गाडीपाशी होते. चाकं बसलेली, काचांवर मातीचा थर, पत्र्याला गंजाची भोकं. त्यांनी बॉनेट उचललं, काठीनं टेकवलं, रेडिएटरचं झाकण फिरवलं, वाकून आत पाहिलं आणि तांब्यातलं पाणी धार धरून ओतलं. रेडिएटर खालून कधीच फुटला होता. पाणी जमिनीवर येत होतं आणि तिथं गवत उगवलं होतं. आजूबाजूच्या सगळ्या वाळल्या रानात तेवढंच हिरवं. हे एका दिवसाचं गवत नव्हतं.

मी जवळ गेलो. "आप्पा, पाणी कमी नव्हतं."

"कवा?"

"त्या दिवशी. काकीच्या."

त्यांना समजायला वेळ लागला. मग मी सगळं सांगितलं. पान, काच, पॉलिश पेपर, नाना पेठेचे आठ दिवस. गॅस्केट फुटलं म्हणून पाणी उडालं, पाणी नव्हतं म्हणून गॅस्केट फुटलं, असं नव्हतं. "मला हेड चढवतानाच ठाऊक होतं," मी म्हणालो. "आणि उघडलं तेव्हाही."

आप्पा गाडीला टेकून खाली बसले. ते मला मारतील याची मी वाट पाहत होतो, असंच म्हणायला हवं. ते म्हणाले, "तवाच सांगितलं असतंस तर मी तुला मारलं असतं, मुनीर. आन् मग कवातरी माफबी केलं असतं. आता मी थकलो. आता मला दोन्ही जमायचं न्हाई."

मी काठी काढून बॉनेट मिटवलं.

"मला कशाला सांगतोस," ते म्हणाले. "माझं काय राहिलंय. मंगलला सांग जा."

न्हावऱ्याचं काम तसंच राहिलं. मी सरळ भांडगावला गेलो. मंगल पायरीवर सुपात बाजरी निवडत होती. मला ओळखून तिनं पदर सावरला, पाणी आणून दिलं. मी फुलपात्र हातात धरूनच सांगितलं. प्यायलो असतो तर सांगता आलं नसतं. ती ऐकत होती आणि तिची बोटं बाजरीत थांबली होती.

"म्हंजी आप्पांनी काय केलं न्हाई?"

"नाही."

"तुम्हाला त्या दिवशी गॅरेजात ठाऊक हुतं?"

"होय."

"मी आप्पांना काय बोलले ते तुमच्या म्होरं बोलले."

"होय."

"आन् तुम्ही हात पुसत उभं हुता," मंगल म्हणाली.

तिनं सूप आत नेऊन ठेवलं. सासूला काहीतरी सांगितलं. चपला घालून बाहेर आली. "मला वडगावला सोडा. आत्ता एसटी न्हाई."

ती माझ्या गाडीत मागच्या सीटवर बसली. नदीवरच्या पुलावर तिनं तोंडाला पदर लावला, मी रस्त्यावरची नजर हलवली नाही. मळ्याच्या तोंडाशी आलो तेव्हा म्हणाली, "हितंच थांबवा. तुम्ही उतरू नका." ती बांधावरून चालत गेली. घरातून आप्पा बाहेर आले, उन्हासाठी डोळ्यांवर हात धरून कोण येतंय ते पाहू लागले. ती त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधी मी गाडी वळवली. ते बघायचा हक्क माझा नव्हता.

मंगलनं आप्पांना त्याच महिन्यात भांडगावला नेलं. दोन वर्षं ते तिच्याकडं होते. नातवाला शाळेत सोडायला ते पायी जायचे, असं एका गिऱ्हाइकानं मला सांगितलं. पुढं त्याच माणसानं ते गेल्याचंही सांगितलं. मातीला मी गेलो नाही. मातीला कुणी बोलावत नसतं, आपण जायचं असतं, हे मला ठाऊक आहे. तरी नाही गेलो.

आता मंगलच्या नवऱ्यानं छोटी गाडी घेतली आहे. तीनच सिलिंडरची, मला आवाजावरून कळतं. त्या गाडीला दौंडात माझ्याइतका जवळ पडणारा मिस्त्री दुसरा नाही. ती गाडी कुरकुंभ मोरीतून येते, माझ्या दारावरून जाते आणि पुढं गावाच्या दुसऱ्या टोकाला एका नवख्या मुलाच्या गॅरेजात जाऊन थांबते. गेल्या आठवड्यात ती गेली तेव्हा इंजिन किंचित अडखळत होतं. पुढच्या सीटवर मंगल होती. तिनं मला पाहिलं आणि समोर बघितलं. कुठला सिलिंडर अडखळतोय ते मी उभ्या उभ्या सांगू शकलो असतो. मी हाक मारली नाही.